उदबत्ती आणि सासूचे बोंबील

उदबत्तीचा वास आला की अजून मला तो दिवस आठवतो. मुंबईच्या एक दुकानवाल्या मॅडम लॅपटॉपवर व्हिडिओ कॉलने आमची कोकमं बघून पहिली ऑर्डर देणार होत्या, त्या पक्क्या शाकाहारी, आणि नेटची रेंज फक्त पडवीत, तिथेच दोरीवर सासूचे बोंबील. "सुकल्याशिवाय हात लावूचो नाय," सासू म्हणाली. मग मी बाळाच्या झोळीचं लुगडं सोडून बोंबलांवर टाकलं, बाळाला कडेवर घेतलं, आणि वास मुंबईला पोचेल या भीतीने कॅमेऱ्यापुढे पाच उदबत्त्या लावल्या. मॅडम दिसल्या आणि म्हणाल्या, "ताई, धुरात काही दिसत नाही, आग लागलीय का?" आग ऐकून सासू आतून धावत आली. "खंय गो, खंय?" करत तिने विझवायला लुगडंच ओढलं. मागे सगळे बोंबील. माझ्या तोंडून निघालं, "ते सासूचे, मी खात नाही." "मगे काल चार कोणी खाल्ले गो?" सासूने विचारलं. मॅडम मग म्हणाल्या, "कोकमं पाठवा. फक्त त्यांना उदबत्तीचा वास लागू देऊ नका." तेव्हापासून घरात कोकमं भरलेली असली की मी देवाची उदबत्तीसुद्धा बाहेर तुळशीपाशी लावते.