सावलीत वाळवलेली संजीवनी

कुडव्याच्या ताराचंदला नागऱ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत सगळे ओळखतात. देवळात तो जात नाही, पण देवळासमोर त्याच्याइतकी वर्षं दुसरं कोणी बसलेलंही नाही. विकतो संजीवनी. पहाडातल्या खडकाला चिकटून वाढणारी ही वनस्पती वाळली की मुठीएवढा भुरा गोळा होते. सकाळी पाण्याच्या परातीत ठेवा, दुपारपर्यंत पसरून हिरवीगार. शेजारचे दुकानदार त्याच गोळ्याने मुतखड्यापासून सवतीपर्यंत सगळं बरं करतात. ताराचंद एवढंच म्हणतो, "हिरवी होते. नाही झाली तं वापस आणजा."

या एका वाक्यावर त्याने वीस जत्रा काढल्या.

खरी मेख वाळवण्यात. ओला गोळा सावलीत हळूहळू सुकू द्यायचा. झाडालाही आवराआवरीला वेळ लागतो. अंगातला रस घट्ट करून, पानं मिटून, जीव आत ठेवून मग ते झोपतं. एकदम गरमी दिली की झोपत नाही, मरतं. हे ताराचंदने एकाच माणसाला शिकवलं, बायकोच्या, कलाबाईच्या, धाकट्या भावाला, हिरालालला.

यंदा जत्रेआधी ताराचंद टायफॉईडने महिनाभर आडवा होता. माल हिरालालने आणला, त्यानेच वाळवला, नि सकाळी पोतं जागेवर पोचवूनही दिलं. "भाऊ होता म्हणून निभलं," कलाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

दुपारी परातीतले गोळे छान उघडले. रंग मात्र चहापत्तीचा.

"काऊन जी, मेहंदी लावली का इले?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

ताराचंदने एक काडी मोडून नाकाशी नेली. उसन्या धानाचा, म्हणजे उकडून भट्टीवर सुकवलेल्या धानाचा वास. हिरालाल राईस मिलच्या भट्टीवर कामाला आहे. मेलेला गोळाही पाण्यात उघडतोच. उघडणं पाण्याचं काम, हिरवं होणं जिवाचं.

त्याला शोधत ताराचंद देवळामागे गेला, तर तिथे हिरालालने स्वतःचंच दुकान मांडलं होतं. त्याची परात हिरवीगार.

"भट्टीवर सुकवली का रे माही?"

"जागा कुठं हाये घरी, भाऊजी? सावलीत मावली तेवढी ठेवली."

"ते तुया दुकानात."

हिरालाल परातीत पाणी शिंपडत राहिला. "तुमचं नाव हाये. तुमच्या नावावर मेलेलीबी खपते."

ताराचंद परत आला. घडलं ते कलाबाईला दोन वाक्यांत सांगितलं. समोर आमगावची एक बाई तीन गोळे पदरात घेऊन उभी होती. त्याने ते परत मागून घेतले.

"बाई, हे मेले हायेत. हिरवी पाह्यजे असल तं देवळामागं जा."

"कोणाकडं जी?"

ताराचंदच्या तोंडून नाव निघेना. कलाबाई पोत्याचं तोंड बांधत होती. वर न पाहता म्हणाली, "माह्या भावाकडं."