सोळा लॉक आणि एक पितळी डबा

मी जपून ठेवलेली वस्तू आजवर कोणालाही सापडलेली नाही. मलासुद्धा नाही.

सातवीनंतर शाळा सोडून मी मालवणाकडून पार्ल्याला मामांकडे आलो, तेव्हा अंगात एकच गुण होता: कृतज्ञता. मामा-मामींनी गॅलरीत अंथरूण दिलं, ताटात दोन वेळा गरम भात दिला. त्याची फेड म्हणून मी दिसेल ते काम करायचो. (न दिसेल तेही करायचो. घोटाळे तिथूनच व्हायचे.)

मामांकडे लढाईच्या आधीची एक विलायती मोटार होती. दोन वर्षं ती अंगणात नुसती उभी होती आणि कोंबड्या तिच्याखाली सुखाने नांदत होत्या. गणपती गेल्यावर मामांनी सगळ्या आळीला सांगून टाकलं, की दसऱ्याला गाडी रस्त्यावर येणार. साकीनाक्याचे परेरा मिस्त्री आले आणि त्यांनी इंजिन उघडून अंगणभर मांडलं. मला म्हणाले, "गाडी चालू झाली ना, तर तुला माझ्याकडे घेतो. नाही झाली तर जा परत गावाला, नारळ मोज." मामा हसले. मला तीन रात्री झोप लागली नाही.

त्यांनी माझ्या हातात सोळा लोखंडी तुकडे दिले. हरभऱ्याच्या डाळीएवढे, अर्धगोल. वॉल्व्हची स्प्रिंग जागेवर धरणाऱ्या या तुकड्यांना मिस्त्री 'लॉक' म्हणत. "हे सांभाळ. एक गेला तरी इंजिन आंधळं."

मी सांभाळले! रॉकेलमध्ये धुतले, पुसले, चौकटीच्या रुमालात गाठ मारून बांधले आणि आईने कुळथाचं पीठ भरून पाठवलेल्या पितळी डब्यात ठेवले. डबा फडताळात ठेवला. तिथे मुलांचे हात पोचतील म्हणून कॉटखाली. तिथे उंदीर. म्हणून तांदळाच्या पिंपामागे. असं रोज एक ठिकाण बदलताना, आपण शेवटी कुठे ठेवला, ही एकच गोष्ट लक्षात राहिली नाही.

मिस्त्रींनी लॉक मागितले तेव्हा मी सांगितलं, पॉलिश करतोय. दुसऱ्या दिवशीही पॉलिशच करत होतो. घरात विचारायची हिंमत नव्हती. ज्यांचं मीठ खातो त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार, की तुमची गाडी माझ्या हातून हरवली? तेव्हा मी बाहेर शोधायला लागलो. कुर्ल्याचा भंगारवाला, घाटकोपरचा, अंधेरीचा, साकीनाक्याच्या पत्र्याच्या शेड्स. सगळीकडून एकच उत्तर: "नमुना आण." लोखंड कातणाऱ्या एका लेथवाल्याने तर मला बसवून चहा पाजला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, एक तरी असता तर पंधरा करून दिले असते." चपला झिजल्या. लॉक सोडून मुंबईतला प्रत्येक पार्ट मला ओळखीचा झाला.

दसरा उजाडला. मामी बोनेटला झेंडूची माळ घालत होत्या, आळी फाटकाशी गोळा झाली होती, मामा नवा सदरा घालून चाकापाशी उभे होते. मिस्त्रींनी हात पुढे केला. "ला रे पॉलिश."

मी सगळं सांगून टाकलं. सांगताना मान इतकी खाली होती, की कोंबड्यांशी बोलतोय असं वाटलं असेल.

मामींनी माळ हातातच धरून विचारलं, "चौकटीच्या रुमालात? पितळी डब्यात?"

"हो."

"अरे दत्तू, तो तर मी वन्संना परत पाठवला. रिकामा डबा कसा पाठवायचा म्हणून साखर घालायला गेले, तर आत गाठोडं. म्हटलं, पोरगं आईला गुपचूप काहीतरी पाठवतंय, आपण कशाला सोडून बघा. वर साखरेची पुडी ठेवली, डब्याला फडकं शिवलं." त्यांनी माळेचं टोक माझ्याकडे रोखलं. "आणि तूच नाही का बोटीवर गावाला निघालेल्या बाबीकाकांकडे देऊन आलास?"

मीच. धक्क्यावर, गर्दीत धक्का लागू नये म्हणून छातीशी धरून.

मामांनी एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे पाहिलं आणि आपट्याची पानं मिस्त्रींच्या हातात ठेवली. मला जेवताना श्रीखंडाची दुसरी वाटीही मिळाली. ती गिळणं सर्वांत कठीण गेलं.

पंधरवड्याने बाबीकाका डबा घेऊन आले. डबा अर्थातच रिकामा नव्हता. कोकमाच्या सोलांनी गच्च भरलेला होता आणि तळाशी आमचे लॉक, सोलांच्या रसाने जांभळे झालेले. सोबत मास्तरांकडून लिहून घेतलेलं आईचं पत्र. 'झिला, तू धाडलेली लोखंडाची डाळ पावली. तुझ्या कामाची हत्यारं समजून दसऱ्याक पुजली. तुका लागतली म्हणून परत धाडतंय. एक देवापाशी ठेवून घेतलंय.'

मी मोजले. पंधरा.

लेथवाल्याने नमुना पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि चहा व्हायच्या आत सोळावा करून दिला. दिवाळीत गाडी फाटकाबाहेर पडली. मामांनी मला पुढे बसवलं, तेव्हा माझे डोळे भरून आले. (धूरही होता.)

मिस्त्री म्हणाले, "इतकी दुकानं मलाही ठाऊक नाहीत. सोमवारपासून ये."

तेव्हापासून मी त्यांच्याकडे हरवलेले पार्ट शोधायचंच काम करत आलो. कामात वाकबगार आहे म्हणतात. फक्त सापडलेला पार्ट माझ्याकडे ठेवायला अजून कोणी देत नाही.