सेकंड इयर बॉटनीची कम्युनिटी

आमच्या स्टाफरूममध्ये चहा गार व्हायच्या आत कुणीतरी जुनी हकिकत काढतंच, आणि ती संपेपर्यंत दुसऱ्याला तिसरी आठवते. माझ्या वाट्याच्या बहुतेक हकिकती एकाच वर्षात जमल्या. २००७ च्या सुमाराला मी आर्वीतल्या एका कॉलेजात बॉटनी शिकवत होते. पोरं वर्गात गप्प बसायची आणि सायबर कॅफेत जाऊन एका साइटवर एकमेकांच्या पानांवर भरभरून लिहायची. म्हणून मीही त्या साइटवर नाव नोंदवलं आणि ‘सेकंड इयर बॉटनी’ नावाची कम्युनिटी, म्हणजे तिथला एक गट, काढली. दर सोमवारी मी एक प्रश्न टाकायचा आणि आठवडाभरात पोरांनी उत्तर लिहायचं, एवढंच.

*

तिसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. चेहरा असा, की मला वाटलं नोकरी गेली.

हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, तुम्ही कॉलेजात कम्युनिटी काढली म्हणतात. कोणत्या समाजाची?”

मी अर्धा तास समजावलं. हे इंटरनेटवर असतं, इथे कुणाची जात विचारत नाहीत, फक्त झाडांबद्दल लिहायचं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग कुठे पाणी प्यायले.

“बॉटनीवाल्यांची असेल तर हरकत नाही,” म्हणाले. “पण अध्यक्ष सगळ्यांना चालेल असा नेमा.”

*

परीक्षेआधी मी कम्युनिटीवर दहा महत्त्वाचे प्रश्न टाकले. दोन दिवसांनी एसटीने येणारे केमिस्ट्रीचे सर वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, “मॅडम, डेपोसमोर तुमचा फोटो लागला हाय.”

आपल्याकडे माणसाचा फोटो चौकात कधी लागतो, ते मला ठाऊक होतं. खडू टाकून मी तशीच निघाले.

झेरॉक्सच्या दुकानाबाहेर गेस पेपर टांगले होते. वर माझा प्रोफाइलचा फोटो, खाली लिहिलेलं : ‘खुद्द मॅडमचे प्रश्न’. कुणाला विचारून लावला, असं मी दुकानदाराला दरडावलं. त्याने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“पसंत नसन त दुसरा द्या मॅडम,” तो म्हणाला. “बदलवून टाकतो.”

*

वैशाली हिंगणीची. अबोल मुलगी, पण कम्युनिटीवर पानं भरून लिहायची. एके दिवशी तिचे वडील कॉलेजात आले. पोरगी नेटवर पोरांसोबत लिहिते, हे गावात कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. टीसीचा अर्ज लिहून सोबतच आणला होता. वैशाली दाराशी उभी, रडून डोळे लाल.

वर्गातली सर्वांत हुशार मुलगी माझ्यामुळे घरी बसणार होती. दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांना लॅबमध्ये नेलं आणि कम्युनिटी उघडून दिली.

ते पडद्यावर बोट ठेवून वाचत राहिले. बोर अभयारण्यातल्या झाडांबद्दल वैशालीने लिहिलेलं वाचलं, मग बाकीच्यांचंही. शेवटी त्यांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली.

“मॅडम, या पोराईले तुम्ही रागवत काऊन नाई?” त्यांनी विचारलं. “माही पोरगी एवढं लिहिते अन् हे दोन-दोन ओळी लिहून राह्यले.”

*

तळेगावची सुनीता दिवाळीच्या सुट्टीत लग्न होऊन यवतमाळकडे गेली. परीक्षेचा फॉर्म भरलेला होता, पण कॉलेज सुटलं आणि तिचं लिहिणंही थांबलं.

जानेवारीत एका अनोळखी पुरुषाने कम्युनिटीत यायची परवानगी मागितली. नाव दिनेश, फोटो नाही, गाव नाही. माझ्या वर्गातल्या मुली तिथे लिहायच्या. मी त्याला नकार दिला. तो पुन्हा आला, मी पुन्हा दिला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा नजरचुकीने माझ्याकडून परवानगीचं बटण दाबलं गेलं आणि तो आत आला. सोमवारच्या प्रश्नाला त्याने सविस्तर उत्तर लिहिलं. मुद्दे पाडायची पद्धत हुबेहूब सुनीताची. नवऱ्याच्या नावाने तीच लिहीत असणार, असं समजून मी गप्प राहिले. मार्चपर्यंत एकही सोमवार चुकला नाही.

परीक्षेला सुनीता आली. पेपर सुटल्यावर मी तिला म्हटलं की तुझी उत्तरं मी ओळखली होती.

ती गोंधळली. “मॅडम, मी तं कॅफेत गेलीच नाई. सासूबाई जाऊ देत नाईत. हेच कॅफेतून प्रश्न उतरवून आणत, मी सांगो ते वहीत लिहून घेत, अन् सकाळी आपलं दुकान उघडायच्या आधी टाइप करून येत.”

झाडाखाली एक सडपातळ माणूस तिची पिशवी धरून उभा होता. तो पुढे आला. तीनदा हाकलल्याचं मला आठवलं. पण त्याने तो विषयच काढला नाही.

“उत्तरं सारे इचेच होते मॅडम,” तो म्हणाला. “फक्त शेवटच्या सोमवारी इले ताप होता, तवा ते म्या माह्या मनानं लिहिलं. बरोबर होतं का?”