बिनचिठ्ठीच्या बाटल्या

स्टेशनसमोरच्या त्या छोट्या हॉटेलात बारमागे उभ्या राहणाऱ्या बाईंना सगळेच 'वहिनी' म्हणत. त्यांची नणंद त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात पाक आणि सॅलड करायची. ती हाक मारायची 'वहिनी', म्हणून वेटर म्हणू लागले, मग मालक आणि शेवटी गिऱ्हाइकेही. हे नाते इतके पसरले की खुद्द वहिनींच्या यजमानांनीच एकदा हॉटेलात फोन करून "वहिनी आहेत का?" असे विचारले होते.

रविवारची दुपार हे त्यांचे राज्य. त्या वेळी लोक स्पार्कलिंग वाइनची कॉकटेल घ्यायला येत. वहिनींच्या मते या पेयात काय करावे यापेक्षा काय करू नये हे महत्त्वाचे. तळाशी चमचाभर पाक आणि लिंबाचे थोडे थेंब. मग ग्लास तिरका धरून थंडगार वाइन कडेने उतरवायची, फेस बसू द्यायचा, उरलेली ओतायची आणि लांब चमच्याने तळातला पाक एकदाच, अलगद वर उचलायचा. घुसळले की बुडबुडे गेले, आणि बुडबुडे गेले की उरते ते महागडे सरबत. आवाज करत बूच उडवणाऱ्यांविषयी त्यांचे मत वाईट होते. "बूच धरून ठेवायचं आणि बाटली फिरवायची," त्या सांगत. "तिनं उसासा टाकायला हवा, किंकाळी फोडायला नको."

पाकाच्या बाटल्यांवर मात्र चिठ्ठी कधीच नसे. नणंद-भावजयीची तशी पैजच होती: झाकण काढायचे, हुंगायचे आणि ओळखायचे. नाशपाती, आले, संत्र्याची साल. चिठ्ठी लागते ती नवख्यांना. कसबाचा हा अभिमान माणसाला ताठ उभे करतो; मदत मागण्यासाठी वाकावे लागते तेव्हा तोच आडवा येतो.

त्या हिवाळ्यात वहिनींना ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी, साबण म्हणजे नुसता बुळबुळीतपणा. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही. नाक गेलेल्या बाईला बारमागे कोण ठेवील, या धास्तीने वहिनींनी यजमानांखेरीज कोणाला काही कळू दिले नाही. फळीवरच्या बाटल्यांच्या जागा तेवढ्या पाठ केल्या.

एका रविवारी नणंदेने ती फळी पुसली आणि बाटल्या आपल्या सोयीने परत ठेवल्या.

त्या दुपारी नवऱ्याबरोबर नेहमी येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने नाशपातीचे कॉकटेल मागवले. एक घोट घेऊन त्या थबकल्या. "आज काहीतरी वेगळं केलंय."

"बिघडलंय का?" वहिनींनी जपून विचारले.

"छे हो. झाडाखाली बसून प्यायल्यासारखं वाटतंय. आणखी एक द्या, आणि ह्यांनाही द्या."

शेजारच्या टेबलाने तेच मागवले, मग त्याच्या शेजारच्याने. मालक खुशीत आले. "वहिनी, पुढच्या रविवारी हे फळ्यावर लिहू. घातलंय काय?"

"सांगते," वहिनी म्हणाल्या. जिला ते ठाऊक असायला हवे, तिलाच ते ठाऊक नव्हते.

गर्दी ओसरल्यावर त्या बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. "वन्सं, हे कशाचं आहे?"

"मस्करी करतेस?"

"नाही."

नणंदेने झाकण काढले. "तमालपत्र. भाजलेल्या फळांवर घालायला केलं होतं. आंधळ्यानंही ओळखलं असतं, वहिनी."

"आंधळ्याला नाक असतं."

नणंदेची सुरी थांबली. "कधीपासून?"

"तापापासून."

"आणि दादाला माहीत होतं?"

"मीच बजावलं होतं, कुणाला सांगू नका म्हणून."

"म्हणजे दादाच्या पोटात काहीतरी राहतं तर." मग तिने आवाज खाली आणला. "नशीब समज, तमालपत्रावर निभावलं. त्याच फळीवर माझं लसणाचं तेल होतं. पण पाकाचं सोड, त्याला चिठ्ठ्या लावता येतील. खराब बूच कसं ओळखत होतीस?"

कधी कधी एखाद्या बुचामुळे अख्ख्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. अशी वाइन गिऱ्हाइकापुढे जाऊ न देणे, हे बारमागच्या माणसाचे पहिले कर्तव्य.

"ओळखत नव्हते," वहिनी म्हणाल्या. "देवाच्या भरवशावर ओतत होते."

हे वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर गप्प राहणे त्यांना शक्य झाले नाही. त्या तडक मालकांकडे गेल्या आणि सगळे सांगितले. मालकांनी हिशेबाची वही बाजूला सारली.

"तुमचा हात मला हवाय, वहिनी. पण न हुंगलेली बाटली मी टेबलावर जाऊ देणार नाही."

"वन्सं हुंगतील."

"सगळ्यांदेखत? दर बाटलीला हाक मारून?"

"मारीन," वहिनी म्हणाल्या. बोलायला ते सोपे होते.

पुढच्या रविवारी एकही टेबल रिकामे नव्हते. वहिनींनी पहिली बाटली उघडली आणि ती हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. ऑर्डर ओरडून सांगताना कधीही न अडखळणारा त्यांचा आवाज "वन्सं, जरा या" म्हणताना इतका बारीक झाला की पुन्हा हाक मारावी लागली.

नणंद हात पुसत आली. बाटली नाकाशी धरून तिने मुद्दाम वेळ लावला. "चालेल."

दुसऱ्या बाटलीला तिने नाक मुरडले. "ही नको."

वहिनींनी वाद न घालता ती बाजूला ठेवली आणि तिसरी उघडून नणंदेच्या नाकाशी धरली; ती चालली. कोणी वळूनही पाहिले नाही. लोक आपापल्या गप्पांत आणि आपापल्या तहानेत दंग होते. सारा हिवाळा ज्या नजरेला त्या भीत आल्या होत्या, ती तिथे कोणाचीच नव्हती.

"दिवसभर अशाच हाका मारणार का?" नणंदेने विचारले. "माझं सॅलड कोण चिरणार?"

"चिरा की. ही बाटली संपेपर्यंत वेळ आहे तुम्हाला."

"आणि लवकर संपली तर?"

"तर धावत या," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी ग्लास तिरका धरला.