सबमिशनवाली

माझी आई हैदराबादेत, नल्लकुंट्यात एका भाड्याच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती आणि मी त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, विद्यापीठाच्या कॅम्पसवर, तुरीच्या मर रोगावर प्रबंध लिहीत होते. दादाला माहीत होतं. वहिनीला माहीत होतं. माझा नवरा तर रोज जाऊन तिला बघून येत होता. आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला, तिच्या पोटच्या पोरीला. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. मिळालं असेल त्यांचं.

आम्ही नांदेडकडची माणसं. आमच्या भागात कुणाला मोठं दुखणं आलं की पुण्या-मुंबईच्या आधी हैदराबाद आठवतं. शिकायलाही मी इथंच आले, कारण माझा विषय इथं चांगला शिकवतात असं सगळे म्हणायचे. आईला मात्र हैदराबाद म्हणजे परदेशच. "तेलंगी मुलखात लेकरू घेऊन कशी ऱ्हायलीस गं माय?" असं ती दर फोनला विचारायची. तिनं हैदराबाद कधी बघितलं नव्हतं. बघितलं ते आजारी पडल्यावर, आणि तेही एका खोलीच्या खिडकीतून.

लग्न झालेल्या संशोधकांसाठी कॅम्पसवर वेगळं वसतिगृह होतं. प्रत्येकाला एक खोली, स्वयंपाकाला एक बोळ आणि कपडे वाळत घालायला गॅलरी. मागं मोठमोठे खडक, त्यावर संध्याकाळी मोर येऊन बसायचे. पहिले दोन दिवस कौतुक वाटलं, मग त्यांच्या ओरडण्यानं पोरगी झोपेतून दचकून उठायला लागली तेव्हा मीच त्यांना शिव्या घालायला लागले. आमची पोरगी तेव्हा तीन वर्षांची. सकाळी तिला पाळणाघरात सोडायचं, मी लॅबमध्ये, नवरा मेट्रोनं विद्यानगरला. तिथल्या एका क्लासमध्ये तो बँकेच्या परीक्षांचं गणित शिकवायचा. नांदेडची बरी नोकरी सोडून माझ्यामागं आला होता. त्याबद्दल त्याला कुणी काही बोललं तर तो हसून सोडून द्यायचा, मी मात्र भांडायला उठायचे.

बिल्डिंगमध्ये तेलुगू, ओडिया, मल्याळी, काश्मिरी, सगळे. कुणाचं कुणाशी नातं नाही, पण वाटीची ये-जा चालायची आणि रिकामी वाटी कुणी परत करायचं नाही. शेजारी एक तेलुगू बाई राहायची, तिचा नवरा इतिहासात पीएच.डी. करत होता. तिला सगळे अक्काच म्हणायचे. माझ्याशी ती तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायची आणि माझ्या पोरीशी तेलुगूत. पोरगी माझ्याहून लवकर तेलुगू शिकली.

या बिल्डिंगची एक रीत होती. कुणाचा प्रबंध शेवटाला आला की ती बाई किंवा तो बाप्या 'सबमिशनवाला' व्हायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून त्याला जपायचं. त्याच्या घरी डबे जायचे, त्याची पोरं दुसऱ्यांच्या घरी जेवायची, त्याच्या दाराशी कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. बाळंतिणीला जपतात तसं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वाईट बातमी त्याच्या कानावर जाऊ द्यायची नाही. यामागं कारण होतं. आम्ही यायच्या आधी खालच्या मजल्यावरचा एक मुलगा वडिलांच्या आजारपणात गावी गेला, आज येतो उद्या येतो करत तिकडेच अडकला आणि त्याची मुदत संपली. वडीलही गेले आणि पीएच.डी.ही गेली. त्याची गोष्ट बिल्डिंगमध्ये प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. मीही दोघातिघांना सांगितली होती, चांगली रंगवून.

मग उन्हाळ्यात मी सबमिशनवाली झाले.

खरं सांगते, मला बरं वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदा कुणी माझी उठाबस करत होतं. अक्का दुपारी पोरीला पाळणाघरातून परस्पर घेऊन जायची. मी म्हटलं, अक्का, मी आणते ना, तर हात उडवून म्हणायची, "नक्को जी, पापा कू मैं देखतूं, तुम लिखो." पापा म्हणजे त्यांच्यात लहान पोरगी. संध्याकाळी पप्पू-भात, म्हणजे त्यांचा वरण-भात यायचा, चिंचेचं आमटीसारखं पातळ चारू यायचं. ओडियाबाईनं एकदा माझं डोकं तेल लावून चोळून दिलं. मी मनात म्हणाले, काय पुण्य केलं होतं बाई आपण. पुण्य कसलं, दया होती ती. मला बघून सगळ्यांचे डोळे पाणावत होते आणि मी आपली रोगट रोपांचे तक्ते घेऊन बसलेली.

नवरा रात्री जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत यायचा नाही. विचारलं की म्हणायचा, क्लास वाढलेत. नाहीतर म्हणायचा, कोठीला पुस्तकं बघायला गेलो होतो, बेगम बाजारात गेलो होतो, तिथं स्वस्त मिळतं. आणि खोटं अंगाशी येऊ नये म्हणून खरंच काहीतरी घेऊन यायचा. जिरं, धणे, सुक्या मिरच्या. बोटभर स्वयंपाकघर, तीन माणसं, त्यातलं एक वाटीभर खाणारं, आणि आमच्याकडे लग्नघरात असावं एवढं जिरं. एकदा मी वैतागून म्हणाले, "अहो, दुकान टाकायचंय का?" त्यानं पुडा ठेवला आणि तो हात धुवायला गेला. हात मात्र तो फार वेळ धुवायचा तेव्हा.

आईशी मी रोज संध्याकाळी बोलायचे. मागच्या खडकावर बसून, पोरीला दहीभात भरवत. आईकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे तोंड दिसायचा प्रश्न नव्हता. मला वाटायचं ती नांदेडला आमच्या घरी ओट्यावर बसलीय. आवाज खोल गेला होता. दादानं सांगितलं, घसा बसलाय, सर्दी झालीय. मी आईला फोनवर बजावायचे, हळद घालून दूध पी, गरम गरम. ती म्हणायची, "हो माय, पीते." मग मी लॅबमधलं सांगायचे, पोरीचे चाळे सांगायचे, मोरांना कंटाळले म्हणायचे. आणि फोन ठेवताना रोज न चुकता विचारायचे, "आज काय जेवलीस?" ती जरा खोकायची. मग म्हणायची, "काय जेवायचंय, तेच ते." मला वाटायचं, वहिनीचा स्वयंपाक तिला आवडत नसेल. सासू-सुनांचं काहीतरी असेल. मी त्यात पडायचं नाही असं ठरवलं होतं. शहाणीच होते ना मी.

मधल्या दिवसांत आई फोनवर फारच कमी बोलायला लागली. मला राग आला. नवऱ्याला म्हणाले, "आई माझ्याशी तुटक बोलतेय. मी काय तिचं घोडं मारलंय?" तो म्हणाला, "दमली असेल. तू तुझं बघ. आता थोडंच राहिलंय." थोडंच राहिलंय, हे तो कशाबद्दल म्हणाला, देव जाणे.

सबमिशनच्या दिवशी बिल्डिंगनं माझी वरातच काढली. अक्कानं मोगऱ्याचा गजरा माळला. कुणीतरी पेढे आणले. ऑफिसातून पोचपावती घेऊन बाहेर आले तर नवरा पायरीवर बसला होता. मला वाटलं, आनंदानं डोळे भरलेत याचे. मी हसतच म्हणाले, "चला, आज बाहेर जेवू." तो उठला नाही. म्हणाला, "बस जरा इथं."

मग सांगितलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. उन्हाळ्यातच कळलं. इथल्याच दवाखान्यात दाखवलं, उपचार केले, आता डॉक्टरांनी हात टेकलेत. दवाखाना जवळ म्हणून नल्लकुंट्यात खोली घेतली होती, दादा रजा काढून तिथंच राहत होता. नाकातून नळी घातलीय, तिच्यातून पातळ काहीतरी देतात. ती तोंडानं काही खात नाही. उन्हाळ्यापासून खात नाही.

मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. अहो-जाहो तर कुठल्या कुठे गेलं. "तू कोण रे ठरवणारा?" एवढं आठवतं. "माझी आई आहे ती! तुझी असती तर?" येणारी-जाणारी पोरं थांबून बघत होती. तो खाली मान घालून एवढंच म्हणत राहिला, "तुझ्या भल्यासाठीच केलं गं. दादाचंही तेच म्हणणं होतं. तू गेली असतीस तर परत आली नसतीस." आणि सगळ्यात चीड कशाची आली सांगू? तो खरं बोलत होता याची. मी परत आले नसते. मला परत यायचंच नसतं.

पोरीला घेऊन रिक्षानं निघालो. गजरा मी रस्त्यातच काढून फेकला. अख्खं शहर ओलांडेपर्यंत मी मनात एकच घोकत होते, की आईला गेल्या गेल्या सांगायचं, आई, मला कुणी सांगितलंच नाही गं. मला माहीत असतं तर मी धावत आले असते. एवढं तिला सांगितलं की मग पुढचं काय ते बघू.

जुन्या घराच्या मागच्या अंगाला खोली होती. दादानं दार उघडलं. दादाला मी ओळखलंच नाही, इतका वाळला होता. खांद्यावर टॉवेल, हातात नळीतून पेज द्यायची ती मोठी सिरिंज. त्यानं माझ्या नजरेला नजर दिली नाही. आई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. म्हणजे बसवली होती. एवढीशी झाली होती. नाकातली नळी गालावर चिकटपट्टीनं चिकटवलेली. मला बघून तिचा चेहरा उजळला, रागावली नाही, रुसली नाही, काही नाही.

"आलीस माय? झालं का तुझं?"

मी हो म्हणाले. तिच्या पायाशी बसले. पोरगी माझ्या मागं लपली, पुढं यायला तयार होईना.

"झालं ते लई बरं झालं," आई म्हणाली. एकेक शब्द ओढून काढत होती. "दादा म्हणला, तिला समदं सांगितलंय, पर फोनवर इषय काढू नको. काढला की ती रडंल, अभ्यास सोडंल. म्हनून मी काही बोलले न्हाई बघ. एक शब्द काढला न्हाई."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. मी अभ्यास सोडू नये म्हणून माझ्यापासून लपवलं, आणि तिनं काही बोलू नये म्हणून तिला सांगितलं, की मुलीला सगळं माहीत आहे. म्हणजे इतके दिवस तिच्या हिशेबी मी याच शहरात होते, मला सगळं ठाऊक होतं, आणि मी एकदाही तोंड दाखवलं नव्हतं. आणि रोज फोन करून मोरांच्या गोष्टी सांगत होते.

"तू रोज इचारायचीस, आज काय जेवलीस म्हनून," आई म्हणाली. "मला वाटायचं, लेकरू मनाला तेवढंच समजावतंय. माय जेवायली असं तिला ऐकायचंय, तर म्हनावं तसं."

मी तोंड उघडलं. वाक्य तर रिक्षात पाठ करूनच आले होते. तेवढ्यात दादाकडं लक्ष गेलं. तो कोपऱ्यात उभा होता, सिरिंज दोन्ही हातांनी धरलेली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघत होता. दादानं तिचं सगळं केलं होतं. धुणं, पुसणं, कूस बदलणं. पुढंही त्याच्याच हातानं तिला घोट मिळणार होता, त्याच्याच खांद्यावर ती मान टाकणार होती. त्यानं तिला फसवलं, हे मी आता तिला सांगायचं? ज्याच्या हातात तिचा जीव, त्याच्याबद्दल? आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला चावायचं?

"काम फार होतं गं आई," मी म्हणाले.

"असू दे माय," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला. तो गरम होता. "शिकलेल्या मानसाला काम असतंच."

दादा भिंतीकडं तोंड करून रडायला लागला. आईला वाटलं तो मी आले म्हणून रडतोय. त्यानंतर ती आठवडाभर राहिली. रोज एकदा तरी वाटायचं, आज सांगून टाकावं. दादा जरा बाहेर गेला की मी तिच्या जवळ सरकायचे, आणि ती मलाच म्हणायची, "जा घरी, लेकराला भूक लागली असंल."

आई गेली. आपली मुलगी जवळच होती, तिला सगळं माहीत होतं, पण काम होतं म्हणून ती आली नाही, एवढं धरून गेली. आणि मनात जराही राग न ठेवता गेली, तेच मला सहन होत नाही.