इन्शिराहचा दम

रशीद गावचा बदावी पिंजारी दिवसभर लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा आणि पाच वेळा मशिदीत जाऊन अजान द्यायचा. पिंजणं पोटासाठी, जीव सगळा अजानीत. लोक त्याला शेख म्हणायचे ते त्या अजानीमुळेच, आणि कुणी शेख म्हटलं की गडी कसा ताठ व्हायचा.

पण आयुष्यभर कापसाची धूळ खाल्लेली छाती ती. त्या हिवाळ्यात एका दुपारी 'ला इलाह' इथेच त्याचा दम तुटला. 'ला इलाह इल्लल्लाह' म्हणजे अल्लाहवाचून दुसरा देव नाही. आणि 'ला इलाह'वरच थांबलं तर? देवच नाही! तेही भोंग्यावरून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं. खोकत खोकत त्याने वाक्य पुरं केलं खरं, पण मासळीबाजारात व्हायची ती शोभा झालीच. तक्रार वर धर्मखात्याकडे गेली. निरोप आला की रमजानच्या आधी परीक्षक येऊन ऐकतील. दम पुरला नाही तर माईक दुसऱ्याकडे जाईल.

बदावीला अन्नपाणी गोड लागेना. रोज खांदे कानांना टेकवून 'लाऽऽ' ओढत बसायचा आणि मध्येच खोकायचा. बायको इन्शिराह मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत ऐकत होती. शेवटी तिला राहवेना. दोघं एकमेकांना मुलाच्या, शौकीच्या, नावाने हाक मारत.

"अहो अबू शौकी, हवा काय खांद्यात भरता? पोतं खालून भरतात की वरून?"

"तुला काय कळतंय त्यातलं, उम्म शौकी?"

"मला? माझ्या एका 'या लेऽऽल'च्या तानेवर वराती थांबायच्या. बंद कुणी करायला लावलं?"

लग्न ठरताना बदावीनेच अट घातली होती की शेखाची बायको परक्या मांडवात गाणार नाही. तेव्हापासून तिने घरातसुद्धा सूर लावला नव्हता. पण अडल्या माणसाला कसला आलाय मान? तो म्हणाला, "बरं, शिकव. पण खिडक्या लावून घे."

तिने मुकाट्याने खिडक्या लावल्या. त्याला उताणं निजवून पोटावर पितळी खल ठेवला. "हा वर आला पाहिजे. खांदा हलला तर जेवण नाही." मग त्याच्याच कापसाचा पुंजका तोंडासमोर धरला. "नुसता थरथरू दे, उडवायचा नाही. आवाज ढकलता कशाला? सांडल्यासारखा श्वास टाकता, म्हणून मधेच रिकामे होता. शेवटचा घोट राखून ठेवा!"

त्याला घेरी यायची, तो चिडायचा, तिला नाही नाही ते बोलायचा. ती पुंजका पुन्हा समोर धरायची. मला विचाराल तर एवढी माया त्याच्या वाट्याला येणं हेच जास्त होतं.

परीक्षक आले ते असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या अजानीला. पहिली दोन वाक्यं निघाली. मग तेच अवघड वाक्य, 'अश्हदु अन् लाऽऽ' सुरू झालं आणि छातीत तीच जुनी खाज उठली. दाराशी उभे असलेले मासळीवाले एकमेकांकडे बघू लागले. बदावीने खांदे सोडले, पोट खाली दाबून धरलं. सूर बारीक झाला, पण तुटला नाही. 'इलाह' गेलं, 'इल्लल्लाह' आलं, आणि तरीही श्वास उरला.

अजान संपल्यावर परीक्षकांनी त्याचे हात धरले. "माशाअल्लाह! माईक तुमचाच. पण या वयात असा दम? उस्ताद कोण तुमचे?"

नाव ओठांपर्यंत आलं होतं. पण माणसं ऐकत होती.

"उस्ताद कुठला, साहेब? अल्लाहची देणगी. बाकी मेहनत माझी एकट्याची."

नमाज आटोपून तो पेढे वाटायच्या तोऱ्यात घरी आला. इन्शिराह दारातच उभी.

"एकट्याची का, अबू शौकी?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. माईक चालू होता. सगळ्या गल्लीने ऐकलं."

ती आत गेली आणि एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. रस्त्याकडे तोंड करून तिने सूर लावला, 'या लेऽऽऽल'. खांदा तसूभर हलला नाही. समोरच्या घरात बाया खिडकीशी आल्या, मासळीवाल्याने हातगाडी थांबवली. बस कर, असं म्हणायला बदावीने तोंड उघडलं. पण तिचा सूर संपल्याशिवाय बोलायचं कसं? आणि सूर तर संपायचं नाव घेईना.