एका कलमाचे दोन भाऊ

दोन्ही फिल्म व्ह्यू-बॉक्सच्या उजेडात शेजारी शेजारी लावल्या आणि मी बघतच राहिलो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात सीटी स्कॅनचं मशीन नुकतंच आलं होतं. आम्ही मानसोपचारवाले तोवर पेशंटचं नुसतं ऐकायचो. आता मेंदू दिसू लागला होता. राखाडी, धूसर, धुक्यातल्या सक्करदऱ्याच्या तलावासारखा. मधोमध दोन काळ्या जागा. त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात; मेंदूतलं पाणी तिथे असतं. स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास-भ्रमाच्या आजारात, काही रुग्णांच्या या जागा मोठ्या दिसतात. तास गेला तरी माझी नजर हलेना.

डावी फिल्म काटोलच्या प्रभाकरची. तो चार वर्षं याच आजारासाठी माझा पेशंट. उजवी त्याच्या हुबेहूब जुळ्या भावाची, दिवाकरची. दिवाकर ठणठणीत होता. संत्र्याची बाग सांभाळायचा, खापा गावच्या मुलीशी लग्न ठरलेलं. आनुवंशिकता डोळ्यांनी बघायची हौस माझी. ‘तुलनेला हवं’ म्हणून मीच त्याला मशीनमध्ये झोपवलं होतं.

प्रभाकरच्या काळ्या जागा मोठ्या होत्या. दिवाकरच्याही किंचित मोठ्या वाटत होत्या.

आमचे प्रमुख फिल्म बघून म्हणाले, “निरोगी माणसाचं स्कॅन कशाला केलंस? आता त्याला काय सांगणार?”

“जे आहे ते, सर.”

“काय आहे ते तुला तरी माहीत आहे का?”

नव्हतं. तरी दिवाकरला समोर बसवून मी शहाणपणा केला. कलमासाठी घेतात त्या फांदीवरच्या कोंबाला बागवाले डोळा म्हणतात; त्याला समजावं म्हणून तीच भाषा वापरून म्हणालो, “तुम्ही दोघं एकाच झाडाचे डोळे लावून केलेली कलमं. घडण सारखी, म्हणून फोटोतही थोडं साम्य. पण आजार होईलच असं नाही.”

त्यानं उजेडातल्या दोन्ही फिल्मवर आळीपाळीनं बोट ठेवलं.

“डॉक्टरसाहेब, एक झाड रोगट निघालं ना, तं त्याच्या जोडीच्या झाडाचा डोळा आम्ही कलमाले घेत नाही. झाड हिरवंगार असलं तरी.”

“माणसाचं तसं नसतं हो.”

“तुम्हीच तं आत्ता सांगून राहिले.”

आठवड्याभरात त्यानं खाप्याला जाऊन स्वतःच लग्न मोडलं. मी दोनदा काटोलला जाऊन समजावलं. त्यानं बाग दाखवली, सगळं ऐकून घेतलं. “पोरीले काहून फसवू मी?” एवढंच म्हणाला.

माझ्या त्या शहाणपणाची मला अजून लाज वाटते. दुपारी डुलकी लागली की त्या दोन काळ्या जागा डोळ्यांपुढे तरंगतात. दिवाकर आता सत्तरीला आलाय. हा आजार त्याच्या वाटेला कधी गेलाच नाही. प्रभाकरला वेळेवर गोळ्या देतो. लग्न केलं नाही ते नाहीच.

कुणाला मशीनमध्ये झोपवण्याआधी, फोटो आल्यावर त्याला काय सांगायचं हे ठरवून ठेवावं. ठरत नसेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवावं.